फटकारा ठेवा, हात मागे घ्या

तैलरंग शिकणाऱ्या बहुतेकांचा हात एका ठिकाणी हमखास अडकतो. फळाची उजळ बाजू रंगवून झालेली असते, सावलीची बाजूही झालेली असते आणि मग दोन्हींच्या सीमेवर ब्रश मागेपुढे फिरायला लागतो. रंग एकमेकांत मुरतात, कडा विरघळते, फळ गुळगुळीत होतं आणि त्यातला उजेड निघून जातो. या सवयीवर एक जुना आणि साधा इलाज आहे. सहा बाय आठ इंचांचा बोर्ड घ्यायचा, जाड रंग घ्यायचा, एकेक फटकारा ठेवायचा आणि ठेवलेला फटकारा पुन्हा चोळायचा नाही. तासाभरात चित्र संपवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड घ्यायचा.

हा सराव जगात कुठेही करता येतो. दिल्लीत मात्र त्याला दोन गोष्टींची जोड मिळते. एक म्हणजे या शहराचा हिवाळी उजेड. दुसरी म्हणजे इथे शिकवलेल्या आणि शिकलेल्या चित्रकारांची एक पूर्ण साखळी. त्या साखळीत बेळगावचा एक मराठी माणूसही आहे.

जाड रंग टिकतो कसा

जलरंगातलं पाणी उडून जातं आणि रंग कागदाला चिकटून राहतो. तैलरंगाचं तसं नाही. रंगाची पूड ज्या जवसाच्या तेलात घोटलेली असते, ते तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचं घन होतं. त्यामुळे ट्यूबमधून काढलेला रंग लोण्यासारखा जाडसर असेल, तर ब्रशच्या केसांनी पाडलेल्या रेघाही त्यात तशाच्या तशा वाळतात. अशा उंचवट्यांच्या रंगलेपनाला चित्रकार ‘इम्पास्टो’ म्हणतात.

सतराव्या शतकात रेम्ब्रांटने याचा उपयोग फार विचारपूर्वक केला. दागिना, कॉलर, कपाळावरचा उजेड अशा ठिकाणी त्याने पांढऱ्या शिशाचा रंग जाड चढवला. खोलीतला खरा प्रकाश त्या उंचवट्यावर पडतो आणि चित्रातला उजेड जिवंत वाटतो. 2019 मध्ये नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याच्या जाड थरांचे सूक्ष्म नमुने तपासले, तेव्हा त्यांत प्लंबोनाक्राइट हे दुर्मीळ शिसेयुक्त संयुग सापडलं. रंग घट्ट उभा राहावा म्हणून रेम्ब्रांट तो मुद्दाम वेगळ्या पद्धतीने तयार करत असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पण हे सगळं चाले स्टुडिओच्या चार भिंतींत. तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावे लागत. ती एकदा टोचली की नीट बंद होत नसे. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने पिळता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि तैलरंग खिशात मावू लागले. चित्रकार उघड्यावर बसू लागले, आणि उघड्यावर ऊन कोणासाठी थांबत नाही. मग कॅनव्हास लहान झाले आणि फटकारे मोठे झाले. फ्लॉरेन्सच्या माकिआयोली गटाने लहान लाकडी फळ्यांवर नुसत्या उजेड-सावलीच्या ठिपक्यांत निसर्गचित्रं केली. 17 ऑगस्ट 1889 रोजी मेलबर्नमध्ये टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन आणि चार्ल्स कॉन्डर यांच्या पुढाकाराने एक प्रदर्शन भरलं. त्यातली बरीच चित्रं सिगारच्या खोक्यांच्या नऊ बाय पाच इंची झाकणांवर केलेली होती. ‘ही अपुरी कामं भिंतीवर कशाला?’ म्हणून तेव्हा समीक्षक चिडले. आज ते प्रदर्शन ऑस्ट्रेलियन चित्रकलेतली महत्त्वाची घटना मानलं जातं.

या पद्धतीला शिक्षणाचं साधन बनवलं अमेरिकेतल्या चार्ल्स हॉथॉर्न यांनी. 1899 मध्ये त्यांनी प्रॉव्हिन्सटाउनच्या समुद्रकिनाऱ्यावर शाळा काढली. ते मॉडेलला टोपी घालून उन्हाकडे पाठ करून बसवत. चेहरा सावलीत जाई, नाकडोळे दिसेनासे होत. विद्यार्थ्यांच्या हातात ब्रशऐवजी पुट्टी भरायची पाती असे. तिने बारकावे काढताच येत नाहीत. सावलीतल्या चेहऱ्याचा रंग, टोपीचा रंग, मागच्या वाळूचा रंग, एवढंच एकमेकांशेजारी ठेवता येतं. ते अचूक ठेवलं की माणूस दिसू लागतो.

दिल्लीची साखळी

आपल्याकडे हा मोकळा फटकारा रुजवणाऱ्यांत शैलोज मुखर्जी यांचं नाव फार आदराने घ्यावं लागतं. कलकत्त्यात शिकलेले मुखर्जी 1937-38 मध्ये युरोपात जाऊन आले. फ्रेंच चित्रकार मातीसच्या रंगांचा आणि रेषेचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. पुढे दिल्लीत त्यांनी आधी सारदा उकील यांच्या कलाशाळेत आणि नंतर काश्मिरी गेटच्या दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. गावाकडची झाडं, पाणी भरणाऱ्या बायका, झोपड्या हे त्यांचे विषय. ओला रंग भरभर टाकायचा आणि हात उचलायचा, ही त्यांची रीत. 1960 मध्ये ते गेले. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली ज्या मोजक्या नऊ चित्रकारांची कामं देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यांत रवि वर्मा, रवींद्रनाथ, अमृता शेरगिल यांच्या जोडीने शैलोज मुखर्जी आहेत. जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची चित्रं आहेत. हे संग्रहालय 1954 मध्ये सुरू झालं.

मुखर्जींचे विद्यार्थी पाहिले की त्या शिकवण्याचा आवाका कळतो. सेंट स्टीफन्समध्ये अर्थशास्त्र शिकलेले रामकुमार सारदा उकील शाळेत संध्याकाळच्या वर्गाला जात. हिंदी कथाकार निर्मल वर्मांचे हे थोरले भाऊ. 1960 मध्ये ते चित्रकार हुसेन यांच्याबरोबर वाराणसीला गेले आणि त्यानंतर त्यांच्या चित्रांतून माणसं हळूहळू नाहीशी झाली. उरले ते घाट, भिंती, पाणी आणि जमिनीचे रुंद, सरळ ओढलेले पट्टे. दुसरे परमजीत सिंग. 1935 मध्ये अमृतसरला जन्मलेले, दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले आणि पुढे जामिया मिल्लियात शिकवलेले. त्यांच्या निसर्गचित्रात गवताचं पातं न् पातं काढलेलं नसतं. जाड रंगाचे असंख्य छोटे फटकारे शेजारी शेजारी उभे असतात. जवळून पाहिलं तर नुसता रंग दिसतो, चार पावलं मागे गेलं की उन्हातलं गवत दिसतं.

याच साखळीत कृष्णा शामराव कुलकर्णी आहेत. बेळगावचे, मुंबईच्या जे.जे. स्कूलमध्ये शिकलेले कुलकर्णी चाळीसच्या दशकात दिल्लीत आले आणि इथलेच झाले. दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी शिकवलं. 1949 मध्ये भबेश सन्याल, कंवल कृष्ण आदींबरोबर त्यांनी ‘दिल्ली शिल्पी चक्र’ हा कलावंतांचा गट उभा केला. 1950 मध्ये सुंदरी श्रीधराणी यांनी कॅनॉट प्लेसमधल्या एका कॉफी हाउसच्या वरच्या जागेत ‘त्रिवेणी कला संगम’ सुरू केलं, तेव्हा तिथे चित्रकला शिकवायला कुलकर्णीच होते. 1963 पासून त्रिवेणी तानसेन मार्गावर जोसेफ स्टाइन यांनी आखलेल्या देखण्या इमारतीत आहे. नोकरी, घर सांभाळून रंग हातात धरू पाहणाऱ्या दिल्लीकरांसाठी तिथला चित्रकलेचा वर्ग हा आजही मोठा आधार आहे.

मुंबईचा धागाही इथे येऊन मिळतो. ऑस्ट्रियाहून 1938 मध्ये मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कला संचालक होते. दर रविवारी तरुण चित्रकार त्यांच्या स्टुडिओत जमत. व्हिएन्नाच्या अभिव्यक्तिवादी वळणाचा झगझगीत रंग आणि मोकळा ब्रश रझा, आरा यांच्या पिढीला तिथे जवळून पाहायला मिळाला. सय्यद हैदर रझा पुढे पॅरिसला गेले. त्यांच्या पन्नास-साठच्या दशकातल्या निसर्गचित्रांत रंग पॅलेट नाइफने थापलेला आहे. बिंदूचे रझा सगळ्यांना माहीत असतात; त्या बिंदूच्या आधी जाड रंगाची अशी अनेक वर्षं आहेत. 2010 च्या अखेरीस ते भारतात परतले आणि 2016 मध्ये दिल्लीतच त्यांचा अंत झाला.

उन्हाचा कोन

दिल्ली साधारण साडेअठ्ठावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे 21 डिसेंबरच्या भर दुपारीही इथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम 38 अंश वर असतो. मुंबईत त्याच वेळी तो 47 अंशांच्या वर असतो. फरक किरकोळ वाटतो, पण त्याचा परिणाम पाहा. मुंबईत माणसाची दुपारची सावली त्याच्या उंचीपेक्षा थोडी कमी भरते, दिल्लीत ती उंचीच्या सव्वापटीहून जास्त भरते. म्हणजे हिवाळ्यात दिल्लीतलं ऊन दिवसभर तिरकं असतं. प्रत्येक वस्तूला एक स्पष्ट उजळ बाजू आणि एक स्पष्ट काळोखी बाजू मिळते. लहान बोर्डावर मोजक्या फटकाऱ्यांत काम करणाऱ्याला याहून अधिक काय हवं? जूनमध्ये हाच सूर्य दुपारी 85 अंशांवर जातो, सावल्या पायाखाली गोळा होतात आणि आकार सपाट दिसू लागतात. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी काम केलेलं बरं.

लोदी गार्डनमध्ये हे सहज पडताळून पाहता येतं. बडा गुंबदची घडीव दगडाची भिंत उन्हात पिवळसर करडी दिसते आणि सावलीत निळसर जांभळी. दगड एकच, पण उन्हातल्या भागावर सूर्याचा उबदार प्रकाश असतो आणि सावलीतल्या भागावर फक्त आकाशाचा. दिवाळीनंतर धुरकं दाटलं की वेगळा धडा मिळतो. दूरच्या झाडांचे काळे भाग आधी फिके होतात, गडद आणि उजळ यांतलं अंतर आटतं आणि सगळं चित्र करड्याच्या चार-पाच छटांत बसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर फुलते. निष्पर्ण फांद्यांवरची तिची तांबडी फुलं एका फटकाऱ्याला एक फूल या हिशेबाने काढण्यासाठीच आहेत असं वाटावं. मेमध्ये बहावा पिवळाधमक होतो, आणि त्या पिवळ्याच्या सावलीचा रंग कोणता, हा प्रश्न चांगल्या चांगल्यांना घाम फोडतो.

एक किन्नू, वीस फटकारे

बाहेर जाणं जमत नसेल तर दिल्लीच्या हिवाळ्यात गाडीगाडीवर मिळणारं किन्नू हे संत्र्यासारखं फळ गच्चीत उन्हात ठेवा. खाली पांढरा कागद अंथरा. आता डोळे बारीक करून पाहा. बारकावे विरतात आणि चारच भाग उरतात: फळाची उजळ बाजू, फळावरची सावली, कागदावर पडलेली सावली आणि उन्हातला कागद.

रंग आधी मिसळून घ्या, तेही पॅलेटवर, नाइफने. उजळ बाजूसाठी कॅडमियम पिवळ्यात थोडा कॅडमियम लाल. सावलीसाठी लाल, बर्न्ट सिएना आणि अगदी चिमूटभर अल्ट्रामरीन निळा. पडलेल्या सावलीसाठी अल्ट्रामरीन, थोडा सिएना आणि पांढरा. कागदासाठी पांढऱ्यात पिवळ्याची झाक. चारही ढीग शेजारी ठेवून समोरच्या वस्तूशी ताडून पाहा. खरं चित्र इथेच होतं. नाइफच्या टोकावर रंग घेऊन हात लांब करा, तो फळाच्या त्या भागासमोर धरा. गडद आहे की उजळ, तांबूस आहे की निळसर, ते लगेच समजतं.

मग डुकराच्या केसांचा सहा-आठ नंबरचा सपाट ब्रश घ्या. पातळ बर्न्ट सिएनाने आकाराची खूण करा. आधी सावल्या ठेवा, मग उजळ बाजू. ब्रश आडवा धरून त्याच्या एका अंगावर भरपूर रंग उचला, हलक्या हाताने बोर्डावर ठेवा आणि उचला. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश फडक्याला पुसा. खालचा रंग ओला असतो. ब्रशवर त्याहून जास्त रंग हवा आणि दाब कमी हवा, नाहीतर वरचा रंग बसण्याऐवजी खालचाच उचलला जातो. फटकाऱ्याची दिशा फळाच्या गोलाईबरोबर वळवा.

आता नीट पाहिलंत तर दोन गोष्टी दिसतील. कागदावर आपटून आलेला उजेड फळाच्या खालच्या कडेला लागतो, तिथली सावली जरा उजळ आणि केशरी असते. आणि फळाचा रंग कागदावर पडतो, त्यामुळे निळसर सावली फळाला जिथे चिकटते तिथे ती तांबूस होते. दोन्हींसाठी एकेक फटकारा पुरतो. सगळ्यात शेवटी उन्हाची चमक: पांढऱ्या रंगाचा एकच जाड ठिपका.

आता त्या सीमेकडे या, जिथे हात चुळबुळ करतो. उजळ बाजू केशरी आहे, सावलीत थोडा निळा आहे, आणि केशरी व निळा हे परस्परविरोधी रंग आहेत. एक ज्या प्रकाशलहरी परत पाठवतो त्या दुसरा शोषून घेतो. दोन्ही ओले असताना चोळले की जवळजवळ सगळाच प्रकाश शोषला जातो आणि मातकट करडा उरतो. उजेड-सावलीच्या सीमेलगत फळाचा रंग सगळ्यात गडद आणि दाट असतो, आणि चोळणारा हात नेमका तोच रंग मारून टाकतो. तेच दोन रंग न मिसळता शेजारी ठेवले तर उलट होतं. पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले मिशेल शेव्हरल यांनी 1839 मध्ये हे सविस्तर मांडलं: विरोधी रंग शेजारी आला की मूळ रंग अधिक तेजस्वी दिसतो. जाड, न मिसळलेल्या फटकाऱ्यांचं सगळं शास्त्र या एका निरीक्षणावर उभं आहे.

मधल्या पायरीची गरज वाटलीच तर चोळू नका. तिचा रंग वेगळा मिसळा आणि तो तिसरा फटकारा म्हणून मध्ये ठेवा. या नियमाने डोळ्याला शिस्त लागते. चोळताना ‘मधला रंग नक्की कोणता’ हा प्रश्न टाळता येतो. वेगळा मिसळताना त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

जाडी किती, कुठे

सगळीकडे सारखाच जाड रंग थापणं ही नवशिक्यांची दुसरी अडचण. जुने चित्रकार उजेडात जाड आणि सावलीत पातळ रंग ठेवत, त्याला कारण आहे. सावलीतला जाड रंग खोलीतला प्रकाश पकडतो, उंचवटे चकाकतात आणि अंधार मोडतो. पातळ सावली शांत राहते आणि जाड उजेड पुढे येतो.

सामानाला फार खर्च नाही. आठ बाय चार फुटांची एमडीएफची शीट सुताराकडून सहा बाय आठ इंचांत कापून घेतली तर करवतीची घट धरून पंचाहत्तर-ऐंशी बोर्ड निघतात. लाकडाच्या सामानासाठी दिल्लीकर कीर्तिनगरला जातातच. कच्चा बोर्ड तेल पितो आणि रंग निस्तेज पडतो, म्हणून आधी जेसो या अस्तराचे दोन हात द्यावेत. रंगांसाठी 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनच्या ट्यूब कुठेही मिळतात. पाच-सहा रंग पुरेत, मात्र टायटॅनियम पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्या. तीच सगळ्यात आधी संपते.

जाड रंगाचा पृष्ठभाग आधी सुकतो आणि आत महिनोन्महिने ओल राहते. अंबरसारखे मातीचे रंग लवकर वाळतात, टायटॅनियम पांढरा आणि कॅडमियम उशिरा. हिवाळ्यातल्या थंडीत सगळंच लांबतं. उन्हाळ्यात लू सुटली की धूळ ओल्या रंगात कायमची बसते, तेव्हा बोर्ड भिंतीकडे तोंड करून तिरका टेकवा. पेटीत बंद करून ठेवू नका, कारण अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी: तेलाने माखलेली फडकी चुरगळून ढीग करून टाकू नका. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर टाकतं आणि ढिगाच्या पोटात ती साठून फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. कॅडमियमचे रंग विषारी असतात, म्हणून ब्रशचं टोक तोंडात धरू नये आणि वाळलेला रंग घासून धूळ उडवू नये.

लहानपणाचा फायदा

लहान बोर्डाचा खरा गुण हा की तो वाया गेल्याचं दुःख लहान असतं. मोठ्या कॅनव्हासवर महिना घालवला की माणूस तो वाचवायला पाहतो, आणि वाचवण्याच्या नादात चोळत बसतो. तासाभराच्या बोर्डावर तसं काही पणाला लागलेलं नसतं. शिवाय सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. चाळीस-पन्नास मिनिटांपलीकडे समोरची सावली तीच राहिलेली नसते. वेळेची मर्यादा उन्हानेच घालून दिलेली आहे.

महिन्याभराने सगळे बोर्ड तारखेप्रमाणे जमिनीवर मांडा आणि फक्त एक गोष्ट तपासा: उजेड आणि सावली यांच्या सीमेवर काय झालंय. सुरुवातीच्या बोर्डांवर तिथे करडा चिखल असेल. नंतरच्या बोर्डांवर तिथे एक वेगळा, ओळखू येणारा रंग दिसू लागेल. तो दिसला की पुढच्या महिन्यात तेच किन्नू पुन्हा घ्या, पण पंधराच फटकाऱ्यांत. फटकारे कमी करत गेलं की प्रत्येकाआधी जास्त वेळ पाहावं लागतं. जास्त वेळ पाहण्याची ही सवय हाताला लागली, की मोठा कॅनव्हास घ्यायला आपण तयार झालो असं खुशाल समजावं.